विश्लेषण : घराजवळचे सरकारी, दूरचे खासगी की बीएएमएस? बुलढाण्याच्या विद्यार्थ्यांनी कॉलेज निवडताना काय तोलावे?

नीटचा निकाल लागला की बुलढाणा, चिखली, मलकापूर, खामगावमधल्या घराघरांत मोबाइलवर एकच काम सुरू होते. मार्कांचा स्क्रीनशॉट काढायचा, मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडायची आणि ओळखीच्या प्रत्येक डॉक्टरला एकच प्रश्न विचारायचा, ‘कोणते कॉलेज टाकू?’ २०२४ पर्यंत या यादीत बुलढाण्याचे नाव नव्हते. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाले आणि त्यात १०० जागांचे बुलढाण्याचे कॉलेजही होते. त्याच वेळी शेजारच्या जालना आणि वाशिमलाही कॉलेज मिळाले. अकोला आणि जळगावची सरकारी कॉलेजे आधीपासून होतीच.

म्हणजे जिल्ह्याच्या आत आणि चारही बाजूंना आता एमबीबीएसची सरकारी कॉलेजे आहेत. तरीही निवड सोपी झालेली नाही. उलट पर्याय वाढल्याने गोंधळ वाढला आहे. नवे सरकारी घ्यावे की जुने खासगी? एमबीबीएस हुकले तर बीएएमएसला जावे, बीएचएमएसला जावे, आणखी एक वर्ष नीट द्यावी, की एजंट सांगतो तसे परदेशाचे विमान पकडावे?

बुलढाण्याचे कॉलेज बुलढाण्याच्या मुलांचे आहे का?

थोडक्यात उत्तर : नाही. अनेक पालकांचा पहिला गैरसमज इथेच होतो. ‘आपल्या जिल्ह्यात कॉलेज आले म्हणजे आपल्या मुलांना प्राधान्य’ असा कोणताही नियम नाही.

पूर्वी राज्यात ७०:३० हे सूत्र होते. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे विभाग होते. प्रत्येक विभागातल्या ७० टक्के जागा तिथल्याच विद्यार्थ्यांना मिळत आणि ३० टक्के बाहेरच्यांना. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झाले. तेव्हापासून राज्य कोट्यासाठी संपूर्ण महाराष्ट्राची एकच गुणवत्ता यादी लागते. लातूरचा विद्यार्थी बुलढाण्यात आणि बुलढाण्याचा विद्यार्थी लातुरात, दोघेही एकाच रांगेत उभे असतात.

शंभर जागांचे गणितही समजून घ्यायला हवे. त्यातल्या १५ जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. उरलेल्या ८५ जागांवर ५० टक्के सामाजिक आरक्षण, मराठा समाजासाठीचे १० टक्के एसईबीसी आणि १० टक्के आर्थिक दुर्बल घटक अशी विभागणी होते. खुल्या गटासाठी साधारण २५-२६ जागा उरतात, त्याही साऱ्या राज्यासाठी. त्यामुळे नवे कॉलेज आल्याने बुलढाण्याच्या मुलांची संधी वाढली ती राज्यात एकूण जागा वाढल्या म्हणून. कॉलेज घरापासून किती किलोमीटरवर आहे, याचा प्रवेशाशी संबंध नाही.

नव्या कॉलेजात काय कमी, काय जास्त?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. बुलढाण्यातून मिळणारी एमबीबीएस आणि मुंबईच्या केईएममधून मिळणारी एमबीबीएस, दोन्हींवर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचेच नाव असते. अभ्यासक्रम एक, विद्यापीठाची परीक्षा एक आणि नोंदणीही एकाच परिषदेकडे. खासगी कॉलेजांनाही हेच लागू आहे. अपवाद अभिमत विद्यापीठांचा, कारण त्यांची पदवी त्यांची स्वतःची असते.

मग फरक कशात? रुग्णांत आणि शिकवणाऱ्यांत.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या मानकांनुसार १०० जागांच्या कॉलेजला किमान ४२० खाटांचे रुग्णालय लागते. खाटा कागदावर असून भागत नाही, त्यावर रुग्णही असावे लागतात. या बाबतीत नव्या सरकारी कॉलेजांची बाजू भक्कम आहे. ती जिल्हा रुग्णालयांना जोडलेली असतात आणि तिथे रुग्णांची कमतरता कधीच नसते. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, अवघड प्रसूती, घाटातले अपघात हे सगळे पुस्तकाबाहेर पाहायला मिळते. काही खासगी कॉलेजांत चकचकीत इमारतीतले वॉर्ड तपासणीच्या दिवसापुरते भरलेले दिसतात, ही तक्रार देशभर जुनी आहे.

अडचण शिकवणाऱ्यांची आहे. २०२४ च्या दहा कॉलेजांपैकी काहींना सुरुवातीला अध्यापक आणि सुविधा अपुऱ्या असल्याच्या कारणावरून परवानगी नाकारली गेली होती. राज्य सरकारने त्रुटी दूर करण्याची हमी दिल्यावर ती मिळाली. वैद्यकीय शिक्षकांची पदे रिकामी राहणे हा राज्याचा जुना रोग आहे. नव्या कॉलेजात प्रतिनियुक्तीवर आलेला प्राध्यापक कधी परत जाईल, याचा नेम नसतो. बुलढाणा शहराला रेल्वे नाही. मलकापूरला उतरून राजूर घाट चढून यावे लागते. मुलांच्या शाळा आणि जोडीदाराची नोकरी पाहणारा तज्ज्ञ डॉक्टर मुंबई, पुणे, नागपूर सोडून इथे कायमचा यायला दहा वेळा विचार करतो. पगार वाढवून हा प्रश्न थोडासाच सुटतो.

अकोल्याचे शासकीय कॉलेज २००२ चे, छत्रपती संभाजीनगरचे १९५६ चे, नागपूरचे १९४७ चे. इतक्या वर्षांत तिथे पदव्युत्तर विभाग उभे राहिले. पदव्युत्तर विभाग म्हणजे निवासी डॉक्टर, आणि रात्री दोन वाजता वॉर्डात एमबीबीएसच्या मुलांना खरे शिकवतात ते हेच. नव्या कॉलेजात हा मधला थर सुरुवातीला पातळ असतो.

याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. जुन्या कॉलेजात टाका घालायची किंवा प्रसूती करायची संधी आधी निवासी डॉक्टरला मिळते, इंटर्नचा नंबर मागे लागतो. नव्या कॉलेजात मध्ये गर्दी कमी असते, त्यामुळे शिकायची तयारी असलेल्याचे हात लवकर चालू लागतात. अर्थात शेजारी शिकवणारा वरिष्ठ उभा असेल तरच याला अर्थ आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. एमबीबीएसचे पहिले वर्ष शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या विषयांचे असते. वॉर्डातले खरे शिक्षण त्यानंतर सुरू होते. म्हणून आज प्रवेश घेणाऱ्याने पहिल्या वर्षाच्या विषयांचे अध्यापक आणि प्रयोगशाळा आज आहेत का, हे पाहावे. मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग आणि बालरोग विभागांत मात्र पुढच्या दीड-दोन वर्षांत कोण असेल, हा प्रश्न विचारावा. उत्तर मिळवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तिथे शिकणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना फोन करणे. माहितीपत्रकापेक्षा वसतिगृहातला विद्यार्थी जास्त खरे सांगतो.

खासगी कॉलेजचा हिशेब, सोयाबीनमध्ये

शासकीय कॉलेजचे वार्षिक शुल्क साधारण दीड लाखाच्या आसपास आहे. राज्य कोट्यातून मिळणाऱ्या खासगी जागेचे शुल्क कॉलेजनुसार सात-आठ लाखांपासून पंधरा-सोळा लाखांपर्यंत जाते. संस्थात्मक कोट्यात ते अनेक पटींनी वाढते. अभिमत विद्यापीठांत वर्षाला २० लाखांपुढची रक्कम नवलाची राहिलेली नाही.

मध्यम दर धरू. वर्षाला १० लाख, साडेचार वर्षे, म्हणजे ४५ लाख. यात वसतिगृह आणि जेवण नाही. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावाने ४५ लाख म्हणजे सुमारे ८४५ क्विंटल सोयाबीन. एकरी आठ क्विंटल उतारा धरला तरी शंभराहून अधिक एकरांचे एका हंगामाचे सगळे पीक, तेही बियाणे, खते, मजुरीचा खर्च शून्य मानून. शिवाय बाजारात हमीभाव मिळतोच असे नाही, हे बुलढाण्याच्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. सरकारी कॉलेजचे याच हिशेबाने १२७ क्विंटल होतात.

आकडे असे समोर ठेवले की ‘नवे सरकारी की जुने खासगी’ हा प्रश्न बहुतेक घरांसाठी आपोआप सुटतो. नव्या सरकारी कॉलेजातली अध्यापकांची कमतरता खरी आहे, पण ती भरून काढता येते. सव्वाविसाव्या वर्षी डोक्यावर आलेले ४५ लाखांचे कर्ज मात्र डॉक्टर झाल्यावर कुठे आणि कशी प्रॅक्टिस करायची, हेही ठरवून टाकते. तो डॉक्टर संग्रामपूरला दवाखाना थाटेल, ही अपेक्षा कर्ज देणारी बँकही करत नाही.

मुलींसाठी मात्र हे गणित बदलले आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून मिळालेल्या खासगी जागेलाही ही सवलत लागू होते. अनुसूचित जाती-जमातींसाठी स्वतंत्र योजना आहेत. अभिमत विद्यापीठे आणि व्यवस्थापन किंवा संस्थात्मक कोटा यातून वगळलेले आहेत. म्हणजे चिखलीच्या एखाद्या मुलीला राज्य फेरीतून जुने, चांगले खासगी कॉलेज मिळत असेल, तर ‘परवडणार नाही’ म्हणून ते यादीतून काढण्याआधी हा शासन निर्णय वाचायला हवा. वसतिगृह, जेवण आणि इतर शुल्क भरावे लागतेच आणि सरकारकडून प्रतिपूर्ती यायला वेळ लागतो, हे गृहीत धरून हाताशी रक्कम ठेवावी.

बीएएमएस, बीएचएमएस : पदवीआधी नोंदवही पाहा

एमबीबीएस थोड्या गुणांनी हुकलेल्यांपुढे खरा पेच असतो तो हा. नीट तीच, कालावधीही तेवढाच, म्हणजे साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. नावापुढे ‘डॉ.’ लागते. अकोल्यात राधाकिसन तोष्णीवाल आयुर्वेद महाविद्यालय आहे, खामगावात होमिओपॅथीचे पंचशील महाविद्यालय आहे. शिवाय बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव जून २०२४ पासून केंद्रात आयुष मंत्रालयाचा स्वतंत्र कार्यभार सांभाळत आहेत. त्यामुळे जिल्ह्यात आयुषची चर्चा इतर ठिकाणांपेक्षा जरा जास्तच होते.

पण मंत्री कोण आहे यावर पदवीचे अधिकार ठरत नाहीत, ते नोंदणी कोणत्या परिषदेत आहे यावर ठरतात. एमबीबीएसची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत होते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत. कोणती औषधे लिहायची, कोणत्या शस्त्रक्रिया करायच्या, कोणते प्रमाणपत्र द्यायचे, हे तिथून ठरते आणि वाद तिथेच पेटतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर शल्य आणि शालाक्य डॉक्टरांना ५८ प्रकारच्या शस्त्रक्रियांची परवानगी स्पष्ट करणारी अधिसूचना निघाली. त्याविरोधात ११ डिसेंबर २०२० रोजी इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर काम बंद ठेवले. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात निकाल दिला. आपत्कालीन सेवा, अवघड शस्त्रक्रिया अशी कामे दोघांची सारखी नाहीत, म्हणून आयुर्वेद डॉक्टरांना एमबीबीएसइतक्या वेतनाचा दावा करता येणार नाही, असे त्यात म्हटले.

होमिओपॅथीची गोष्ट महाराष्ट्राची स्वतःची आहे. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, म्हणजे सीसीएमपी, पूर्ण केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधे देता यावीत म्हणून राज्याने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. प्रकरण न्यायालयात गेले. २०२५ मध्ये या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत करण्याचा निर्णय आला, थांबला आणि पुन्हा आला. १८ सप्टेंबर २०२५ रोजी ॲलोपॅथी डॉक्टरांनी २४ तासांचा संप केला. ‘बीएचएमएस करा, मग सीसीएमपी करा, एमबीबीएससारखेच’ असे सांगणाऱ्याने हा इतिहासही सांगायला हवा. न्यायालयात अडकलेल्या अधिकाराच्या भरवशावर साडेपाच वर्षांचा निर्णय घेणे जोखमीचे आहे.

मग बीएएमएस घेऊच नये का? तसेही नाही. राज्याची ग्रामीण आरोग्यसेवा मोठ्या प्रमाणावर याच डॉक्टरांवर उभी आहे. उपकेंद्रांवरचे समुदाय आरोग्य अधिकारी, शाळांमध्ये मुले तपासणारी पथके, १०८ रुग्णवाहिकेतले डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्रातले गट-ब वैद्यकीय अधिकारी, यांत बीएएमएस मोठ्या संख्येने दिसतात. ही कामे महत्त्वाची आहेत. मात्र यातल्या अनेक जागा कंत्राटी आहेत आणि पगारात मोठी तफावत आहे. ज्याला आयुर्वेद शिकायचाच आहे, पंचकर्म किंवा शल्यतंत्रात पुढे एमडी-एमएस करायचे आहे, त्याने तो मनापासून घ्यावा. ‘मागच्या दाराने ॲलोपॅथी’ म्हणून घेतलेली पदवी पुढची तीस वर्षे खुलासे देत बसायला लावते.

अमेरिकेत हाच वाद कसा मिटला?

दोन पदव्यांचा हा झगडा फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत एमडीसोबत डीओ, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन ही पदवी आहे. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी तिचे पहिले कॉलेज काढले. हाडे आणि स्नायूंना हाताने उपचार करणे हा तिचा पाया होता आणि कित्येक दशके एमडी डॉक्टर त्यांना डॉक्टर मानायलाच तयार नव्हते.

१९६२ मध्ये कॅलिफोर्नियात चमत्कारिक तडजोड झाली. तिथल्या दोन हजारांहून अधिक डीओंना ६५ डॉलर शुल्क भरून एमडी ही पदवी घेता आली आणि त्यांचे कॉलेज एमडीचे झाले. मात्र नव्या डीओंना त्या राज्यात परवाना मिळेनासा झाला. हा बंद दरवाजा न्यायालयाने १९७४ मध्ये उघडला. तोवर देशातल्या सर्व राज्यांनी डीओंना पूर्ण परवाना दिला होता. शेवटची पायरी २०२० मध्ये पूर्ण झाली आणि रुग्णालयांतले निवासी डॉक्टरांचे प्रशिक्षण दोन्ही पदव्यांसाठी एकाच मान्यता व्यवस्थेखाली आले.

आपल्याकडच्या वादात या उदाहरणाचा सोयीस्कर वापर होतो. ‘अमेरिकेत डीओ चालतो, मग इथे आयुष का नाही?’ असे विचारले जाते. फरक असा की डीओ कॉलेजांनी हळूहळू एमडीचाच संपूर्ण अभ्यासक्रम, तीच रुग्णालये आणि त्याच तोडीच्या परीक्षा स्वीकारल्या, आपला हस्तोपचार वर ठेवला. एका वर्षाच्या प्रमाणपत्राने ती बरोबरी आलेली नाही. तिथेही पालक आज हेच तोलतात : डीओ कॉलेजात प्रवेश थोडा सोपा, पण अनेक कॉलेजांना स्वतःचे मोठे रुग्णालय नसल्याने शिकाऊ मुलांना दूरदूरच्या रुग्णालयांत फिरावे लागते. म्हणजे घोडे तिथेही रुग्णांपाशीच अडते. आणखी एक, ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ हा स्वतंत्र नोंदणी असलेला उपचारक आहे, अमेरिकी डीओसारखा पूर्ण डॉक्टर नव्हे. नाव सारखे म्हणून अधिकार सारखे नसतात.

परदेशातून एमबीबीएस?

निकालानंतर आठवडाभरात जिल्ह्यातल्या हॉटेलांत सेमिनार सुरू होतात. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान आणि एकूण खर्च खासगीच्या निम्म्याहून कमी. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, त्या देशात प्रॅक्टिसचा परवाना मिळण्याची पात्रता आणि भारतात पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप लागते. त्याआधी एफएमजीई ही परीक्षा, ३०० पैकी १५० गुण. बहुतेक सत्रांत चार-पाच जणांतला एकच ती पार करतो. सेमिनारमध्ये हा आकडा विचारला की विषय वसतिगृहातल्या भारतीय जेवणाकडे वळतो. २०२२ मध्ये युक्रेनमधून अर्ध्यात परतलेली मुले अजून अनेकांच्या आठवणीत असतील.

फॉर्म भरताना

पसंतीक्रम मनातल्या आवडीने भरावा, कटऑफच्या उतरंडीने नाही. वरच्या पसंतीची जागा मिळत नसेल तर यंत्रणा आपोआप खालच्या पसंतीकडे जाते, त्यात नुकसान काही नाही. जागा कायम ठेवण्याचा स्टेटस रिटेन्शन फॉर्म एकदा भरला की पुढच्या फेरीत वर सरकता येत नाही. तो घाईत भरू नये. यादीतले ‘जळगाव’ म्हणजे खान्देशातले, जळगाव जामोद नव्हे. देऊळगाव राजाच्या विद्यार्थ्याला बुलढाण्यापेक्षा जालना जवळ पडते आणि लोणार-मेहकरकरांना वाशिमचा पर्याय आहे. एमबीबीएस-बीडीएस आणि आयुषच्या फेऱ्या वेगळ्या चालतात, त्यामुळे पहिल्या फेरीत एमबीबीएस हुकले म्हणून लगेच बीएएमएसची फी भरायची गरज नसते.

आणि बंधपत्र. शासकीय कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष सरकारी सेवा द्यावी लागते, नाही तर १० लाख रुपये दंड. बुलढाण्याची २०२४ ची पहिली बॅच २०२९ मध्ये अंतिम परीक्षा देईल आणि २०३० मध्ये इंटर्नशिप संपवून या सेवेसाठी उपलब्ध होईल. शेगाव तालुक्यात जानेवारी २०२५ मध्ये अचानक केस गळू लागले, तेव्हा तपासासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक बाहेरून बोलवावे लागले होते. या शंभर डॉक्टरांपैकी किती जण बंधपत्राचे वर्ष जळगाव जामोद किंवा लोणारच्या आरोग्य केंद्रात काढतील, हे त्यांच्या कॉलेजच्या पत्त्यावरून ठरणार नाही. ते नेमणुकांच्या राज्यस्तरीय यादीवरून ठरेल, आणि त्या यादीतही बुलढाण्यासाठी वेगळा रकाना नाही.